पेलिकनच्या पिशवीचा प्रश्न

खरं तर सगळा दोष पेलिकनचा. पण पाणपक्ष्याला कोण बोलणार? म्हणून केनियातल्या नाकुरूच्या त्या गल्लीतले लोक पाद्रीबाबांना बोल लावतात, पाद्रीबाबा मोगाका मास्तरांना लावतात, आणि मास्तर हल्ली कुणालाच काही बोलत नाहीत. ते का, हे सांगण्यासाठीच ही सगळी कहाणी.

त्या रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबा काटकसरीवर बोलत होते आणि चांगले रंगात आले होते. ‘‘बंधूंनो, आपल्या तळ्यावरच्या त्या पेलिकनकडे बघा! आज धरलेला मासा तो चोचीखालच्या पिशवीत उद्यासाठी राखून ठेवतो. आणि तुम्ही? शनिवारी बकरा कापलात की रविवारी हाडंसुद्धा शिल्लक नाहीत!’’

‘‘चूक!’’ तिसऱ्या बाकावरून आवाज आला.

सगळ्या माना तिकडे वळल्या. मोगाका मास्तर उभे राहिले होते. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवून ते ऑगस्टमध्ये निवृत्त झाले होते, पण निवृत्त झाले ते शाळेतून. चूक दिसली की हात आपोआप लाल पेनाकडे जायचा. त्यातून पेलिकनची पिशवी हा त्यांचा हळवा विषय. ‘पेलिकन पिशवीत मासे साठवतो’ असं लिहिणाऱ्या पोराला त्यांनी आयुष्यात कधी अर्धा गुणही दिला नव्हता. त्यातली दोन पोरं पुढे डॉक्टर झाली, पण तो अर्धा गुण राहिला तो राहिलाच.

‘‘पेलिकन काहीही साठवत नाही,’’ मास्तर म्हणाले. ‘‘ती पिशवी म्हणजे जाळं. मासा धरायचा, पाणी गाळायचं, मासा गिळायचा. लक्षात आलं? बसा खाली.’’

पाद्रीबाबा सवयीने बसायला गेले. आपण व्यासपीठावर आहोत हे लक्षात आल्यावर त्यांचा चेहरा तांबडालाल झाला. ‘‘मास्तर, तुम्ही हे पाहिलंय का?’’

इथे मास्तरांनी ‘पुस्तकात आहे’ म्हटलं असतं तर विषय मिटला असता. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. ‘‘पाहिलंय? या दोन डोळ्यांनी पाहिलंय! अहो, ते अभयारण्य म्हणजे माझं अंगण आहे, अंगण!’’

‘‘मग आम्हालाही दाखवा की तुमचं अंगण!’’ मागून कुणीतरी म्हणालं.

आणि मास्तरांनी तोंड उघडायच्या आत बायकांच्या बाजूने त्यांच्या सौभाग्यवती, केमुंतोबाई, अगदी गोड आवाजात म्हणाल्या, ‘‘हो तर! नेतील की. ह्यांना सगळं पाठ आहे.’’

मास्तर मटकन बाकावर बसले, कारण ते त्या अभयारण्यात कधी म्हणजे कधीच गेलेले नव्हते.

कुंपण त्यांच्या घरापासून चालत पाऊण तासावर. छपरावर चढलं की तळ्याकाठची फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ दिसायची. पण नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका आगाऊ पोराने ‘सर, तुम्ही पाहिलंय?’ असं विचारलं आणि मास्तर ‘हो’ म्हणून गेले. झालं. ज्याने पाहिलंय त्याला सहलीच्या बसमध्ये जागा कशाला? दर वर्षी मुख्याध्यापक म्हणायचे, ‘मोगाकांनी पाहिलंय, ते शाळा राखतील.’ चौतीस सहली गेल्या. मास्तरांनी चौतीस वेळा शाळा राखली. घरी केमुंतोबाईंनासुद्धा ते जेवता जेवता तळ्याची वर्णनं ऐकवायचे, आणि बाई ‘अगं बाई!’ म्हणत वाढायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता ती मूठ अख्ख्या गल्लीसमोर, आणि मुख्य म्हणजे बायकोसमोर, उघडायची वेळ आली होती.

केनियात दोन माणसं एकत्र चहा प्यायली की समिती होते. इथे तर चौदा जणांची सहल. संध्याकाळच्या आत समिती झाली. पाद्रीबाबा अध्यक्ष झाले, शेजारचे गिथिंजी वाहतूकप्रमुख आणि मास्तर ‘तज्ज्ञ मार्गदर्शक’. पहिल्या बैठकीत सुरुवातीची प्रार्थना, समारोपाची प्रार्थना आणि मधे फक्त पोशाखाचा ठराव. फोटो निघणार असल्यामुळे पुरुषांनी कोट-टाय घालायचा आणि बायकांनी चर्चच्या टोप्या.

गिथिंजींचा सल्ला न मागता मिळायचा. बावीस वर्षं त्यांनी मटाटू, म्हणजे इथली वडाप, चालवली होती आणि तीही अभयारण्याच्या गेटपर्यंत. आता ती व्हॅन घरची झाली होती, पण तिचे कर्णे आणि सवयी तशाच होत्या. ‘‘मास्तर, तुम्हाला मी काय सांगणार म्हणा,’’ असं म्हणून ते सांगायला लागायचे. ‘‘गेंडा दिसला की गाडी बंद करायची नाही. रानरेडा दिसला की हसायचं नाही. त्याला अपमान वाटतो. सिंह दिसला तर काच वर, म्हैस दिसली तर काच खाली.’’

‘‘काच खाली का?’’

‘‘ते तुम्हाला माहीतच आहे,’’ गिथिंजी डोळे मिचकावून म्हणाले. मास्तरांना मान डोलवावी लागली. तज्ज्ञाची हीच पंचाईत असते, त्याला शंका विचारायची सोय नसते.

मग तिकिटांचा घोळ. गेटवर रोख घेत नाहीत, आधीच संगणकावरून काढायची. मास्तर शुक्रवारी गावातल्या एका चार मजली इमारतीत संगणकवाल्याकडे गेले. दाराशी वॉचमनने रिवाजाप्रमाणे त्यांचं ओळखपत्र ठेवून घेतलं. आमच्याकडे कुठल्याही इमारतीत शिरताना ओळखपत्र दारात जमा करायचं आणि निघताना आठवणीने घ्यायचं.

वर गेल्यावर संगणकाने पासवर्ड मागितला. मास्तरांनी स्वतःचं नाव घातलं. ‘पासवर्ड कमकुवत आहे’ असं यंत्र म्हणालं. चौतीस वर्षांत मास्तरांना कुणी कमकुवत म्हटलं नव्हतं. त्यांनी शाळेचं नाव घातलं. तेही कमकुवत. त्यांनी पूर्व आफ्रिकेतली सगळी तळी उत्तरेकडून दक्षिणेकडे ओळीने घातली, तर यंत्र म्हणालं, ‘फार मोठा आहे’. ‘‘म्हणजे ह्याला नक्की हवंय तरी काय?’’ मास्तर ओरडले. दीड तासाने तिकिटं निघाली तेव्हा त्यांचा टाय कानामागे गेला होता. ते तरातरा जिना उतरले, वॉचमनच्या सलामाकडे न बघता बाहेर पडले आणि थेट घरी आले. ओळखपत्र राहिलं तिथेच.

हे त्यांच्या लक्षात आलं ते शनिवारी सकाळी, गेटवर.

तोवर व्हॅनमध्ये चौदा माणसं, दोन डझन चपात्यांचे डबे, कोंबडीचं पातेलं, केळी, चहाचे तीन थर्मास आणि उसाची मोळी असं सगळं कोंबून बसलेलं होतं. मास्तरांच्या हातात वर्गातली छडी आणि त्यांनी स्वतः पुस्तकावरून मोठा करून काढलेला नकाशा. आत गेल्यावर नकाशा बघून बोलायचं, कुणाला पत्ता लागत नाही, असा त्यांचा बेत होता.

तिकीटखिडकीतल्या रेंजर चेप्कोएचबाई चटपटीत होत्या. ‘‘मास्तर, सगळ्यांची ओळखपत्रं पाहिली, तुमचं राहिलं.’’

मास्तरांनी वरचा खिसा चाचपला. आतला खिसा चाचपला. मग पाद्रीबाबांचाही खिसा चाचपला.

‘‘नसेल तर परदेशी तिकीट घ्यावं लागेल,’’ रेंजरबाई म्हणाल्या. ‘‘नियम आहे, मास्तर. मी काय करू?’’

परदेशी! मास्तरांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ‘‘बाई, मी परदेशी? अहो, या देशाचा नकाशा मी डोळे मिटून काढतो! चौतीस वर्षं रोज सकाळी राष्ट्रगीत मी म्हणवून घेतलंय!’’

‘‘असेल हो, पण—’’

त्या ‘पण’वर मास्तरांचा तोल सुटला. त्यांनी टाचा जुळवल्या, छाती काढली आणि भर गेटवर राष्ट्रगीत सुरू केलं.

आता राष्ट्रगीत म्हटलं की आमच्याकडे हलायची सोय नाही. रेंजरबाई ताडकन उभ्या राहिल्या. गेट उघडणारा शिपाई अर्धं गेट उघडून थिजला. रांगेतले ड्रायव्हर उतरून ताठ झाले. एका गाडीतल्या गोऱ्या म्हाताऱ्या पाहुण्यांनी हॅट काढून छातीशी धरल्या. लोकांना वाटलं, एका कडव्यावर थांबतील. पण मास्तरांनी तिन्ही कडवी म्हटली, सावकाश आणि स्पष्ट उच्चारांत, जशी पोरांकडून म्हणवून घ्यायचे तशी. कुंपणापलीकडचा एक बबून तेवढा बसून राहिला, पण तो सरकारी नोकर नव्हता.

शेवटचा शब्द संपला. केमुंतोबाईंनी डोळे पुसले, पर्स उघडली आणि आतून मास्तरांचं ओळखपत्र काढून खिडकीत ठेवलं.

‘‘हे... हे तुझ्याकडे?’’

‘‘काल संध्याकाळी वॉचमन घरी आणून देऊन गेला. तुम्ही छपरावर बसला होता ना, तळ्याकडे बघत.’’

‘‘मग आधी का नाही दिलंस?’’

‘‘द्यायलाच निघाले होते. पण तुम्ही इतकं सुंदर गायला लागलात,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मधेच कसं तोडायचं?’’

रेंजरबाईंनी केमुंतोबाईंकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण बाईंनी हळूच मान हलवली आणि व्हॅनमध्ये जाऊन बसल्या. हे मास्तरांनी पाहिलं, पण त्या वेळी त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

आत शिरल्यावर पहिला गोंधळ गिथिंजींनी घातला. रस्त्याच्या कडेला तीन झेब्रे उभे होते. बावीस वर्षांची सवय. रस्त्याकडेला कुणी उभं दिसलं की पाय ब्रेकवर जायचाच. गाडी करकचून थांबली, गिथिंजींनी खिडकीतून मान काढली आणि खणखणीत आवाजात ओरडले, ‘‘टाऊन, टाऊन, टाऊन! चला, दोन सीट बाकी!’’ झेब्रे जे उधळले ते दिसेनासे झाले.

‘‘मास्तर, हत्ती कुठे?’’ पाद्रीबाबांनी कोपरखळी मारली.

‘‘हत्ती... हत्ती दुपारी पाण्यावर येतात,’’ मास्तर बेधडक म्हणाले.

‘‘अहो, असं काय करता?’’ मागून केमुंतोबाई म्हणाल्या. ‘‘तुम्हीच मागे सांगितलं होतं ना, या अभयारण्यात हत्ती नाहीतच म्हणून?’’

‘‘हां! तेच ते. पाद्रीबाबांची परीक्षा बघत होतो.’’ आपण हे कधी सांगितलं, हे मास्तरांना काही केल्या आठवेना. पण वेळ निभावली.

पुढे नकाशाची परीक्षा आली. नकाशाप्रमाणे सरळ रस्ता होता. समोर मात्र पाणीच पाणी. त्यात वाळलेली झाडं गुडघाभर बुडून उभी होती आणि एका खांबावर ‘सावकाश चालवा’ अशी पाटी होती. खांबावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता.

‘‘मास्तर, रस्ता?’’ गिथिंजींनी विचारलं.

मास्तरांनी नकाशा पाहिला, तळं पाहिलं, पुन्हा नकाशा पाहिला. ‘‘तळं चुकलंय,’’ ते म्हणाले.

गाडीत हशा पिकला. गेल्या काही वर्षांत पाणी चढून काठचे रस्ते बुडाले होते, जुनं गेटसुद्धा पाण्यात गेलं होतं. पुस्तक चाळीस वर्षांपूर्वीचं, त्याला काय ठाऊक? मास्तरांच्या कानशिलांवरून घाम निथळायला लागला. आता कुणीतरी विचारणार, ‘अंगणात पाणी शिरलं ते तुम्हाला कळलं नाही होय?’ असं त्यांना वाटलं.

‘‘तुम्ही म्हणायचात ना,’’ पुन्हा मागून तोच शांत आवाज, ‘‘पाणी चढलं असलं तर त्या मोठ्या पिवळ्या बाभळीपाशी डावीकडे वळायचं?’’

‘‘वळा डावीकडे!’’ मास्तर गरजले.

डावीकडे वळले आणि वीस पावलांवर गेंडा! आईमागे पिल्लू. पाद्रीबाबांनी नकळत मास्तरांचा हात धरला. ‘‘मास्तर, मानलं तुम्हाला,’’ ते पुटपुटले. मास्तरांना मात्र आनंदाबरोबर काहीतरी टोचायला लागलं. ही वाक्यं आपण बोललोच नव्हतो. मग बोललं कोण?

उत्तर जेवायच्या जागेवर मिळालं.

उंच कड्यावर झाडाखाली डबे उघडले. खाली अख्खं तळं पसरलेलं. ‘‘खिडक्या लावून घ्या हो,’’ केमुंतोबाई म्हणत होत्या, ‘‘नाहीतर बबून आत शिरतात.’’ पण तेवढ्यात तज्ज्ञ मार्गदर्शकांनी बबून या प्राण्यावर व्याख्यान सुरू केलं होतं. ‘‘बबून भित्रा असतो. त्याला नुसती छडी दाखवली की—’’

मास्तरांनी छडी दाखवली. समोरच्या दांडग्या बबूनने ती घेतली. अगदी सभ्यपणे, बक्षीस घेतल्यासारखी. मग दुसऱ्या हाताने नकाशा घेतला. मग उघड्या खिडकीतून आत जाऊन चपात्यांचा डबा काखोटीला मारून बाहेर आला आणि खडकावर बसला. त्याने नकाशा उलगडला, दोन्ही बाजूंनी तपासला आणि टरकन फाडला.

‘‘निकाल लागला,’’ गिथिंजी म्हणाले.

नेमकी तेव्हाच रेंजर चेप्कोएचबाईंची जीप येऊन थांबली. बबूनला त्यांनी हाकललं आणि मग हसत हसत केमुंतोबाईंना मुलाच्या नावाने हाक मारत म्हणाल्या, ‘‘ओसोरोची आई, ह्या मेल्याचं तुमच्याशी वैर आहे बघा! मागच्या डिसेंबरला ह्यानेच तुमची टोपी पळवली होती ना? आणि त्याच्या आधीच्या वर्षी केकचा डबा?’’

केमुंतोबाईंनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. ते आधीच घट्ट होतं.

डिसेंबर! मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दर डिसेंबरला ते तीन आठवडे नैरोबीला बोर्डाचे पेपर तपासायला जायचे. आणि ह्या तीन आठवड्यांत बाईंच्या महिला मंडळाची सहल...

ते उठले आणि कड्याच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने केमुंतोबाई चहाचा कप घेऊन शेजारी आल्या.

‘‘किती वेळा?’’ मास्तरांनी विचारलं.

‘‘अकरा.’’

‘‘आणि मी...’’ मास्तर तळ्याकडे बघत म्हणाले. ‘‘मी कधीच आलो नव्हतो गं इथं.’’

‘‘माहितीये मला.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘लग्नानंतर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून. तुम्ही सांगायचात ना तळ्याचं, ते नेहमी एकाच क्रमाने. आधी पक्षी, मग प्राणी, मग आकृती. एकदा तर शेवटी ‘खालील प्रश्नांची उत्तरे द्या’ असंही म्हणालात.’’

मास्तरांना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. ‘‘मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?’’

‘‘तुम्ही इतकं रंगून सांगायचात. इथे पहिल्यांदा आले ना, तेव्हा तुमच्या तोंडून ऐकलेलं सगळं एकेक दिसत गेलं. सारखं वाटायचं, ज्याने सांगितलं तोच घरी राहिला. म्हणून त्या रविवारी संधी मिळाली तशी बोलून टाकलं. म्हटलं, एकदा ह्यांनाही दाखवू.’’

मास्तरांनी चहाचा घोट घेतला. चहा खारट लागला की काय कोण जाणे, त्यांनी चष्मा काढून पुसला.

मग सगळे खाली काठावर गेले. आणि तिथे ते होतं. पुस्तकातल्या पानावर ते बोटाएवढं होतं, छपरावरून रेघेएवढं होतं. इथे ते संपतच नव्हतं. हजारो फ्लेमिंगो, गुलाबी, माना पाण्यात घालून एका तालात पावलं टाकणारे. त्यांच्या आवाजाने कान भरून गेले, आणि एवढा वास येतो हे तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं. अलीकडे पेलिकनांचा तांडा ओळीने पोहत होता. वर्गातल्या पोरांसारखे सगळे एकदम मान बुडवत, एकदम वर काढत. मास्तर आ वासून बघत राहिले.

‘‘मास्तर, सांगा की!’’ गिथिंजी ओरडले. ‘‘तज्ज्ञ गप्प का?’’

मास्तरांनी घसा साफ केला. झाकली मूठ त्यांनी स्वतःच उघडली. ‘‘मी काय सांगणार? मी हे आज पहिल्यांदाच बघतोय.’’

मग गिथिंजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. ‘‘म्हणजे मास्तर, आपण दोघेही पहिल्यांदा! बावीस वर्षं मी लोकांना गेटवर सोडून परत फिरत होतो हो. आत काय आहे, देवाला ठाऊक! ती म्हशीची काच खाली करायची वगैरे, सगळं मनाचंच!’’

एवढा हशा उसळला की काठचे चार फ्लेमिंगो उडाले. पाद्रीबाबा तर हसता हसता चिखलात बसले, कोटासकट.

‘‘हिला विचारा,’’ मास्तर केमुंतोबाईंना पुढे करत म्हणाले. ‘‘हिने अकरा वेळा पाहिलंय.’’

केमुंतोबाई आधी लाजल्या. मग सांगायला लागल्या. फ्लेमिंगोचा गुडघा मागे वाकतो असं वाटतं, पण तो गुडघा नसून घोटा आहे. ते गुलाबी होतात ते खाण्यामुळे. सगळी मास्तरांचीच वाक्यं, पण बाईंच्या तोंडी ती हसत होती, हात हलवत होती. लोक भोवती गोळा झाले. शेजारच्या गाडीतले गोरे पाहुणेसुद्धा, एक अक्षर कळत नसताना, ऐकत उभे राहिले. बाईंचा चेहरा उजळला होता. लग्नाच्या दिवसानंतर मास्तरांनी तो इतका नीट पाहिला नव्हता.

‘‘आणि हा पेलिकन,’’ बाई पाण्याकडे बोट करून म्हणाल्या. ‘‘मोठा संसारी बरं का! मासे धरतो आणि संध्याकाळसाठी पिशवीत साठवून ठेवतो.’’

पाद्रीबाबांनी चिखलातून मान वर केली. गिथिंजींनी मास्तरांकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचा हात वरच्या खिशातल्या लाल पेनापर्यंत गेला, तोंड उघडलं, ‘चू’ जिभेच्या टोकाशी आलं. केमुंतोबाई अजून पाण्याकडे बघत होत्या आणि रंगून सांगत होत्या.

‘‘बरोबर?’’ पाद्रीबाबांनी विचारलं.

मास्तरांनी पेन खिशात खाली ढकलून दिलं.

‘‘अगदी बरोबर,’’ ते म्हणाले. ‘‘आता गप्प बसा, तिला बोलू द्या.’’